विडी सेस

विडी कामगारांचं दवापाणी, घरं आणि पोरांचं शिक्षण यासाठी केंद्र सरकारने लावलेला उपकर. १९७६ साली यासाठी दोन कायदे झाले, एक सेस गोळा करायचा आणि दुसरा त्यातून कल्याण निधी चालवायचा. २०१७ ला जीएसटीत पहिला गेला, दुसरा तेवढा राहिला.

आधी शब्दाचं. सोलापुरात बोलताना, लिहिताना 'विडी'च चालतं (हैदराबाद रोडवरचं विडी घरकुल सगळ्यांना माहितीये), दिल्लीच्या कागदात मात्र 'बीडी'. मूळ संस्कृत 'वीटिका', म्हणजे गुंडाळलेलं पान, त्यावरून विडा आणि त्याची धाकटी ती विडी, असं बहुतेक जण धरतात. हिंदीतल्या बीडीवरून मराठीत आली असंही म्हणतात, पण विडा आपल्याकडे तंबाखूच्या आधीपासून आहे आणि 'व'चा 'ब' हिंदीकडे होतो, मराठीत नाही, म्हणून पहिलं मत जास्त पटतं.

सेसची खरी गंमत तो कशावर लावला यात आहे. सुरुवातीला तो विडीवर नव्हताच, विडीसाठी गोदामातून निघणाऱ्या तंबाखूवर होता. १९७९ च्या बजेटात तंबाखूच्या गोदामांची लायसन्स पद्धतच काढून टाकली आणि त्याबरोबर सेसचा पायाही गेला, कामगारांचं काय होईल हा विचार त्यात कुठे दिसत नाही. मग कायदा बदलून १९८२ पासून तो तयार विड्यांवर, हजारी हिशोबाने बसला, पुढे ५० पैसे ते ५ रुपये अशी मर्यादा ठरली. २०१७ ला पुन्हा तेच, कर सोपे करताना हाही निघाला. म्हणजे दोनदा पैसा आटला आणि दोन्ही वेळा कारण विडी कामगारांशी संबंधित नव्हतं.

'सेस होता तोवर पैसा राखीव होता' असं मोर्च्यातल्या भाषणात ऐकू येतं, ते अर्धंच खरं. गोळा झालेला सेस आधी भारताच्या संचित निधीत, म्हणजे केंद्राच्या मुख्य तिजोरीत जायचा, तिथून संसदेने मंजूर केला की कल्याण निधीत. पण निदान आकडा दाखवता यायचा, की इतका जमला आणि इतकाच दिला. आता सगळं बजेटच्या तरतुदीवर, मागायला तसा आधार उरला नाही. दुसरी बाजू अशी की सेस चालू ठेवायचा तर विडी खपत राहायला पाहिजे, आणि तिच्या धुराने बिघडलेल्या फुफ्फुसांचा खर्च सरकारी दवाखान्यावरच येतो. तरी आकडा दिसत असलेला बरा, असंच म्हणावं लागतं.

सोलापुरात हे काम मुख्यतः पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या बायकांचं. रात्री भिजवलेलं तेंदूपान सकाळी कात्रीने मापात कापायचं, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि एकाच खोलीत चूल, पाळणा, विड्या सगळंच, त्यामुळे बारीक भुकटी जेवणातही पडते नि श्वासातही जाते. दिवसाला हजारभर विड्या वळायच्या आणि कारखान्यात मोजून द्यायच्या, त्यातल्या खराब म्हणून काढल्या त्यांची मजुरी नाही. खोकला जुना असला की आधी तंबाखूचाच समजतात, त्यामुळे टीबी उशिरा सापडतो. निधीच्या योजनेत टीबी हॉस्पिटलात खाटा राखणं, घरी राहून उपचार आणि निर्वाह भत्ता आहे, शहरात कल्याण निधीचे दवाखानेही आहेत, पण ओळखपत्र लागतं आणि ठेकेदाराकडून पान घेणारीचं नाव कुठल्याच रजिस्टरला नसतं. घरांचं काम जास्त डोळ्यात भरतं, सोलापूरजवळच्या कुंभारीची १० हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ ला झाली.

संशोधनाबद्दल थोडक्यात. कामाच्या जागच्या आजारांची राष्ट्रीय संस्था अहमदाबादला, १९६६ ची, आयसीएमआरच्या (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पैशावर चालणारी. तंबाखूच्या भुकटीवर जे काम झालंय त्यात घरात बसून वळणारी बाई क्वचितच येते, कारखान्यातला कामगार मोजायला सोपा.

टीबीची औषधं राष्ट्रीय कार्यक्रमातून फुकट आहेत, त्याला सेसचा संबंध नाही. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये खात्यावर यायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १०००. मात्र हे फक्त टीबी निघाला तरच. थुंकी तपासून टीबी नाही म्हणाले आणि जिना चढताना दम तर लागतोच, अशा बाईला यातलं काही मिळत नाही.