वेळापत्रकातून माणसं कधी गळली

बांधकामाच्या साइटवर हे नेहमी दिसतं. बार चार्टवर, म्हणजे कामांच्या आडव्या पट्ट्यांच्या वेळापत्रकावर, ‘ए’ आणि ‘बी’ या दोन्ही इमारतींचे तिसऱ्या मजल्याचे स्लॅब एकाच आठवड्यात टाकायचे असतात. इमारती वेगळ्या, त्यामुळे कागदावर काही चूक नाही. पण सेंट्रिंगची, म्हणजे स्लॅबचा साचा बांधणारी, गँग एकच, साच्याच्या प्लेटाही एका स्लॅबपुरत्याच. ‘ए’च्या प्लेटा निघेपर्यंत ‘बी’ खोळंबतो आणि मीटिंगमध्ये बोल मुकादमाला लागतो. मला हे अन्यायाचं वाटतं, कारण खोट वेळापत्रकाच्या पद्धतीत आहे आणि ती साठ-सत्तर वर्षांपासून चालत आली आहे.

त्याआधी असं नव्हतं. अमेरिकी अभियंता हेन्री गँट यांच्या नावाचा तक्ता आज कामांच्या आडव्या पट्ट्यांसाठी ओळखला जातो, पण शंभर वर्षांपूर्वीच्या त्यांच्या तक्त्यांपैकी बरेचसे यंत्रांचे आणि कामगारांचे होते. कोणतं यंत्र किती वेळ रिकामं राहिलं आणि का, हे त्यात लिहिलेलं असे.

१९५७च्या सुमारास ड्यूपाँट या रसायन कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या संगणक कंपनीचे जेम्स केली यांनी क्रिटिकल पाथची, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या कामांची सर्वांत लांब साखळी शोधण्याची, पद्धत बसवली. १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट (PERT) ही तशीच पद्धत आणली. दोन्हींचा पाया एकच: कोणतं काम कशानंतर येतं आणि त्याला किती वेळ लागतो. फायदा खरा होता. ड्यूपाँटच्या लुइव्हिल कारखान्यात दुरुस्तीसाठीचा बंद १२५ तासांवरून ९३ वर आला. मात्र गणित मांडताना माणसं आणि यंत्रं लागतील तेव्हा मिळतील, असं धरलं होतं. पोलारिसला राष्ट्रीय प्राधान्य होतं, तिथे ते खपून गेलं. एका गँगवर दोन इमारती ओढणाऱ्या ठेकेदाराकडे कसं खपणार?

उणीव लवकरच लक्षात आली. साधनांची मर्यादा धरून वेळापत्रक कसं करायचं, यावर खुद्द केली यांनी १९६३ मध्ये लिहिलं. ज्या कामाला फ्लोट आहे, म्हणजे उशीर झाला तरी प्रकल्प लांबत नाही, ते पुढे ढकलायचं आणि मोकळी झालेली माणसं अडलेल्या कामावर लावायची, ही रिसोर्स लेव्हलिंगची रीत त्याच दशकात रुळली. पण कामं वाढली की शक्य क्रमांची संख्या आवाक्याबाहेर जाते. सर्वांत कमी वेळाचा क्रम काढणं गणिती अर्थाने किती अवघड आहे, हे १९८३ मध्ये सिद्धही झालं. म्हणून सॉफ्टवेअर आजही ठोकताळ्यांवरच चालतं.

१९९७ मध्ये व्यवस्थापनावर लिहिणारे एलियाहू गोल्डरॅट यांनी क्रिटिकल चेन ही पद्धत मांडली. कामांच्या क्रमासोबत साधनांची अडवणूकही धरून सर्वांत लांब साखळी शोधायची. प्रत्येक कामात लपवलेले जादा दिवस काढून ते शेवटी एकत्र बफर, म्हणजे राखीव वेळ, म्हणून ठेवायचे.

आज लेव्हलिंगची सोय मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्येही आहे. ती चालण्यासाठी कोणत्या आठवड्यात किती गँग आणि किती प्लेटा उपलब्ध आहेत, हे आधी भरावं लागतं. आणि हा आकडा ऑफिसात नव्हे, मुकादमाकडे असतो.