खिंड ओलांडताना : पायी आणि सायकलने येणाऱ्या पाहुण्यांसाठी

खिंडीवर पोचलं की उंचीच्या पाटीशेजारी फोटो होतो आणि कुणीतरी हमखास म्हणतं, ‘झालं, आता काय, उतारच तर आहे!’ हे पत्रक आम्ही त्या वाक्यासाठी लिहिलं आहे. आमच्याबरोबर येणारे बहुतेक जण चढाची तयारी महिनोन्‌महिने करतात, उताराची जवळजवळ कुणीच करत नाही. आणि गुडघे धरणं, बोटं गारठणं, वळणावर घसरणं हे आम्ही जे काही पाहिलं, ते बहुतेक वेळा माथा मागे पडल्यावरच.

खिंडीचा स्वभाव

डोंगराच्या धारेवर दोन उंच माथ्यांच्या मधली सगळ्यांत खालची जागा म्हणजे खिंड. वाट तिथूनच जाते, कारण धार ओलांडायला त्याहून सोपी जागा नसते. वाऱ्यालाही तेच दार मिळतं. धारेला अडलेला वारा त्या फटीतून जोर करून घुसतो, म्हणून खाली पान हलत नसलं तरी वर टोपी धरून उभं राहावं लागतं. पाण्याची वाटणीही इथेच होते : खिंडीच्या अलीकडे पडलेला थेंब एका खोऱ्यात, पलीकडचा दुसऱ्या खोऱ्यात. पुष्कळदा हवाही दोन तऱ्हांची असते. स्वच्छ उन्हात चढायचं आणि पलीकडे ढगात उतरायचं, हे नेहमीचंच.

साधारण दर १,००० मीटर चढाला तापमान साडेसहा अंशांनी उतरतं. पायथ्याशी २५ अंश असतील, तर १,५०० मीटर वर १५ अंश. वाऱ्याचा गारवा वेगळा.

चढ : आधी आकडेमोड, मग फोटो

खिंड निवडताना लोक आम्हाला फोटो दाखवतात. आम्ही तीन आकडे विचारतो : चढाची लांबी, एकूण किती मीटर चढायचं आणि माथ्याची उंची.

उदाहरणार्थ, इटलीतली स्टेल्व्हिओ खिंड. उंची सुमारे २,७५७ मीटर. प्राटो गावाकडून निघालं तर साधारण २४ किलोमीटरमध्ये १,८०० मीटरचा चढ, सरासरी सात टक्क्यांहून जास्त, आणि ४८ घट्ट वळणं. आता तुमच्या सायकलचा सर्वांत हलका गिअर बघा. पुढच्या चकतीला ३४ आणि मागच्या चकतीलाही ३४ दाते असतील, तर पेडलच्या एका फेऱ्याला चाक एकदाच फिरतं आणि सायकल सुमारे २.१ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग होतो ताशी साडेसात किलोमीटर. म्हणजे सव्वातीन तास, तेही कुठे न थांबता. मागे २८ च दाते असतील तर तेवढ्याच फेऱ्यांसाठी दर फेऱ्याला जास्त जोर लावावा लागेल, आणि तो अडीच तासांहून जास्त वेळ लावायचा आहे. पिरेनीजमधली २,११५ मीटर उंचीची तुरमाले खिंड तूर द फ्रान्सच्या स्पर्धकांनी १९१० साली आजच्यासारखे गिअर नसलेल्या सायकलींवर ओलांडली. त्यांना मनापासून नमस्कार, पण तुम्ही मात्र मागची मोठी चकती बसवून या. त्यात कमीपणा काही नाही.

पायी येणाऱ्यांसाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेला हिशेब अजून चालतो : दर पाच किलोमीटरला एक तास, वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. १२ किलोमीटर आणि ९०० मीटर चढ असेल तर जवळपास चार तास. यात विश्रांती नाही, पाठीवरचं ओझं नाही, दमलेला सोबती नाही. म्हणून आम्ही दीडपट धरतो.

माथा २,५०० मीटरच्या वर असेल तर विरळ हवेचा विचार करावाच लागतो. ३,००० मीटरनंतर रात्रीचा मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा ५०० मीटरहून जास्त वर नको, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. डोकं दुखणं, मळमळ, अन्नावरची वासना जाणं ही लक्षणं दिसली की तिथेच थांबायचं. वाढली तर खाली उतरायचं. तब्येत कितीही खणखणीत असली तरी इथे सूट नाही. तरुण आणि दमदार माणसं भरभर चढतात, म्हणून उलट त्यांनाच जास्त जपावं लागतं.

नेपाळमधली थोराँग ला ही खिंड ५,४१६ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. बहुतेक लोक मनांग गावाच्या बाजूने जातात, कारण तिकडून टप्प्याटप्प्याने उंची अंगवळणी पाडता येते. पण मग पलीकडे मुक्तिनाथपर्यंत एका दिवसात सुमारे १,६०० मीटर उतरायचं असतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये याच भागात अचानक आलेल्या हिमवादळात चाळीसहून अधिक जीव गेले. हवामान बिघडण्याचा अंदाज असेल तर आम्ही खालीच थांबतो, आणि त्या दिवशी वाटाड्याचा शब्द शेवटचा.

उतार

चालताना : उताराला मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आपलं वजन पेलत असतात. दम लागत नाही, म्हणून आपल्याला ते कळत नाही. खरं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी समोर येतं, जेव्हा पायरी उतरताना कठडा धरावा लागतो. उपाय एकच : येण्याआधी महिनाभर आठवड्यातून दोनदा जिने किंवा टेकडी उतरायचा सराव. चढण्याचा नव्हे, उतरण्याचा. प्रवासाला निघण्याच्या दोन दिवस आधी पायांची नखं कापा. माथ्यावर बुटाच्या नाड्या सोडून, टाच मागे ठोकून, घोट्याशी पुन्हा आवळून बांधा, म्हणजे अंगठा पुढे आदळत नाही. काठ्या चढाला आखूड, उताराला लांब. पावलं छोटी.

सायकलवर : चढताना घामाने भिजलेलं अंग आणि नंतर अर्धा तास पेडल न मारता समोरचा वारा, हे घातक जोडपं आहे. एकदा आमच्याबरोबरच्या एका ताई पातळ हातमोज्यांनिशी उतरायला लागल्या. आठव्या-नवव्या वळणापाशी त्या कडेला थांबल्या आणि म्हणाल्या, ‘बोटं ब्रेकवर आहेत, पण दाबली जात नाहीयेत.’ वेळीच थांबल्या म्हणून निभावलं. हात काखेत धरून वीस मिनिटं उभ्या राहिल्या, बोटांना मुंग्या आल्या, मग पुढे निघालो. तेव्हापासून माथ्यावर कोरडा बनियन, वारा अडवणारं जाकीट आणि जाड हातमोजे चढवल्याशिवाय आम्ही कुणालाच सोडत नाही. जुने सायकलपटू छातीवर वर्तमानपत्राची घडी खोचत, तीही चालेल.

ब्रेक वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना. वळणात शिरल्यावर नाही. सतत घासत ठेवलेला ब्रेक तापतो, म्हणून दाबा, सोडा, पुन्हा दाबा. नजर समोरच्या खड्ड्यावर न ठेवता वळणाच्या शेवटाकडे, बाहेरच्या बाजूचा पेडल खाली. मोठ्या गाड्या घट्ट वळणात आपली बाजू सोडून तुमच्या बाजूला येतात, तेव्हा तुमची कड सोडू नका. सावलीतल्या वळणांवर दुपारीसुद्धा ओल किंवा बर्फाचा पातळ थर असू शकतो.

निघण्याची वेळ

पहाटे. उन्हाळ्यात डोंगरावर दुपारनंतर ढग जमतात, गडगडाट होतो. हिमनद्यांचे ओढे तर सकाळी घोट्याएवढे आणि दुपारी मांडीएवढे होतात. म्हणून शक्यतो बाराच्या आत खिंड मागे टाकायची, आणि परत फिरण्याची वेळ आदल्या रात्रीच ठरवायची. ती झाली की माथा दिसत असला तरी फिरायचं.

नोंदणीच्या अर्जात

मागच्या सहा महिन्यांतला सर्वांत मोठा उतार लिहा, किती मीटर आणि किती वेळात. गुडघ्याचं जुनं दुखणं लपवू नका. त्यावरून आम्ही कुणाला नाकारत नाही, फक्त खिंडीची दिशा बदलून देतो. सायकलच्या ब्रेक-पॅडचा जवळून काढलेला फोटो अर्जासोबत जोडा. खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर नवे बसवून मगच या.