‘समसंभाव्य’ या शब्दामागचा वाद

दहावीच्या गणितात संभाव्यतेचे प्रकरण सुरू झाले की दोन नाणी फेकली जातात आणि लगेच नमुना अवकाश, म्हणजे सर्व शक्य निष्पत्तींची यादी, लिहिला जातो: छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. मधल्या दोन निष्पत्ती वेगळ्या का मोजायच्या, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर ‘नाणी दोन आहेत म्हणून’ एवढ्यावर त्याची बोळवण होते. त्याची शंका मात्र अतिशय रास्त आहे. युरोपातील नामवंत गणिती याच जागी अडखळले होते, आणि ‘निष्पत्ती समसंभाव्य आहेत’, म्हणजे प्रत्येक घडण्याची शक्यता सारखी आहे, हे पाठ्यपुस्तकातील छोटे वाक्य त्या अडखळण्यातूनच घडत गेले.

तीन फासे टाकले असता ९ पेक्षा १० ही बेरीज अधिक वेळा येते, हे इटलीतील खेळणाऱ्यांनी दीर्घ अनुभवाने ओळखले होते, पण कारण त्यांना उमगत नव्हते. ९ ही बेरीज सहा प्रकारे होते: १-२-६, १-३-५, १-४-४, २-२-५, २-३-४ आणि ३-३-३. १० चेही प्रकार सहाच भरतात. मग फरक का पडावा? गॅलिलिओने १६२० च्या सुमारास लिहिलेल्या छोट्या टिपणात याचे उत्तर दिले आहे. १-२-६ हे आकडे तीन फाशांवर सहा वेगवेगळ्या क्रमांनी पडू शकतात, १-४-४ तीन क्रमांनी, तर ३-३-३ केवळ एकाच रीतीने. असे मोजत गेले की एकूण २१६ निष्पत्तींपैकी ९ च्या वाट्याला २५ आणि १० च्या वाट्याला २७ येतात. हा फरक शंभर डावांत एकाहूनही कमी आहे. तो ज्यांनी नुसत्या निरीक्षणाने पकडला, त्या अनामिक खेळणाऱ्यांच्या चिकाटीचे मला गॅलिलिओच्या गणिताइतकेच अप्रूप वाटते. फाशांच्या २१६ निष्पत्ती कार्दानो या इटालियन गणितज्ञाने गॅलिलिओच्याही आधी मोजल्या होत्या, परंतु त्याचे लेखन प्रसिद्ध झाले ते १६६३ मध्ये, मृत्यूनंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी.

खरा वाद पेटला १६५४ मध्ये. दोन तुल्यबळ खेळाडूंनी प्रत्येकी ३२ सुवर्णनाणी पणाला लावली आहेत. जो आधी तीन डाव जिंकेल त्याला सर्व ६४ नाणी मिळायची आहेत. पहिल्याचे दोन आणि दुसऱ्याचा एक डाव झाला असताना खेळ मध्येच थांबवावा लागला, तर रक्कम कशी वाटायची? पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ मध्ये छापलेल्या ग्रंथात अशा प्रश्नाचा निकाल जिंकलेल्या डावांच्या प्रमाणात लावला होता, म्हणजे येथे २:१. पॅरिसमधील पास्कल आणि तुलूझमधील फर्मा या फ्रेंच गणितज्ञांनी पत्रांतून हा प्रश्न सोडवला, तेव्हा झालेल्या डावांऐवजी उरलेल्या डावांकडे पाहिले. फर्माची रीत सरळ होती: आणखी दोन डावांत निकाल लागणारच, त्या दोन डावांच्या निष्पत्ती चार, आणि त्यांपैकी तीनांत पहिलाच जिंकतो. म्हणून ४८ नाणी पहिल्याला आणि १६ दुसऱ्याला.

यावर रोबेर्वाल या गणितज्ञाने आक्षेप घेतला, तो पास्कलने २४ ऑगस्टच्या पत्रात फर्माला कळवला आहे. पहिल्याने पुढचाच डाव जिंकला तर खेळ तिथेच संपतो. मग जो डाव खेळलाच जाणार नाही, तो मोजायचा कशासाठी? पास्कलचे म्हणणे असे की, उरलेला डाव खेळला काय आणि न खेळला काय, जिंकणारा बदलत नाही, म्हणून तो खेळला असे धरण्यास हरकत नाही. तसे धरले की चारही निष्पत्ती एकाच तोलाच्या होतात.

तरीही बरोबर शंभर वर्षांनी, १७५४ मध्ये, दालांबेर या फ्रेंच गणितज्ञाने फ्रेंच विश्वकोशात तीच शंका पुन्हा मांडली. दोन फेकींत निदान एकदा छापा पडण्याची संभाव्यता ३/४ नसून २/३ आहे, असे त्याचे मत होते. कारण पहिल्याच फेकीत छापा पडला तर दुसरी फेक होतच नाही, आणि छापा, काटा-छापा, काटा-काटा अशा तीनच निष्पत्ती उरतात. निष्पत्ती तीन आहेत हे खरेच आहे. परंतु पहिलीला निम्मा वाटा आणि उरलेल्या दोघींना प्रत्येकी चौथा, असा त्यांचा तोल असमान आहे. नमुना अवकाश कसाही लिहिता येतो. अनुकूल निष्पत्तींना एकूण निष्पत्तींनी भागण्याचा अधिकार मात्र समसंभाव्यता असेल तरच मिळतो. फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने १८१२ च्या ग्रंथात ही अट स्पष्टपणे व्याख्येत घातली, आणि शाळेत आपण आजही तीच व्याख्या शिकतो. संभाव्यतेच्या व्याख्येतच ‘समसंभाव्य’ म्हणणे हे वर्तुळात फिरणे आहे, ही तिची उणीव १९३३ मध्ये रशियन गणितज्ञ कोल्मोगोरोव्हच्या स्वयंसिद्धांनी, म्हणजे सिद्धतेविना गृहीत धरलेल्या मूळ नियमांनी, टाळली.

पण जिथे फासाच नाही, तिथे समसंभाव्य म्हणायचे कशाला? लंडनच्या मृत्युनोंदींवरून जॉन ग्राँटने १६६२ मध्ये असा अंदाज बांधला होता की, जन्मलेल्या शंभरांपैकी सुमारे ३६ मुले सहा वर्षांच्या आत दगावतात. मृत्यूला सहा सारख्या बाजू नसतात; तिथे मोजणीलाच शरण जावे लागते. ती मोजणी किती विश्वासार्ह, हा प्रश्न स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या याकोब बेर्नुली या गणितज्ञाने वीस वर्षे मनात वागवला. घटात ३,००० पांढरे आणि २,००० काळे खडे आहेत, हे आपल्याला ठाऊक नाही असे समजा. एकेक खडा काढून, रंग नोंदवून तो परत टाकत राहिले, तर पांढऱ्यांचे प्रमाण २९/५० ते ३१/५० यांच्या दरम्यान येण्याचा संभव, ते त्याबाहेर जाण्याच्या हजारपटींहून अधिक होण्यासाठी किती खडे काढावेत? त्याचे उत्तर आले २५,५५०. तो १७०५ मध्ये वारला आणि ग्रंथ १७१३ मध्ये पुतण्याने प्रसिद्ध केला. ही रीत नागरी आणि आर्थिक व्यवहारांना लावून दाखवायचे ग्रंथाच्या चौथ्या भागात योजले होते. तो भाग या आकड्यानंतर थोडक्यातच थांबतो.