जिम डेव्हलिन

जिम डेव्हलिन (१८४९–१८८३) हा अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या प्रोफेशनल बेसबॉलमधला पिचर. पिचर म्हणजे आपल्याकडचा बॉलर समजा, फक्त तेव्हा बॉल खालून हाताने टाकायचा, तोही जेमतेम ४५ फुटांवरून, आणि वर पाहिजे की खाली हे बॅटर आधीच सांगणार! मूळचा फिलाडेल्फियाचा, आधी फर्स्ट बेसवर (फील्डिंगची एक जागा) खेळायचा, पिचिंगला खरा लागला १८७५ मध्ये शिकागोकडून, आणि १८७७ संपायच्या आत सगळा खेळ खल्लास.

त्याचा हुकमी बॉल म्हणजे बॅटरजवळ आला की एकदम खाली पडणारा. १८७६ मध्ये नॅशनल लीग ही प्रोफेशनल टीम्सची स्पर्धा सुरू झाली, हा लुईव्हिल ग्रेज टीममध्ये गेला आणि त्या एका सीझनमध्ये ६२२ इनिंग टाकल्या (बेसबॉलची इनिंग छोटी, एका मॅचमध्ये साधारण नऊ), पुढच्या वर्षी तर टीमची एकूण एक इनिंग यानेच टाकली, दुसरा पिचर मैदानात आलाच नाही. आजच्या पिचरला २०० झाल्या तरी भरपूर म्हणतात.

१८७७ च्या ऑगस्टमध्ये लुईव्हिल टॉपला होती. मग बाहेरगावच्या मॅचेस हरत सुटली, फालतू चुका व्हायला लागल्या आणि चॅम्पियन झाली बोस्टन. क्लबला संशय आला, खेळाडूंच्या तारा (टेलिग्राम) उघडून बघितल्या तर त्यात 'सॅश' हा शब्द सापडला, म्हणजे ही मॅच विकलेली. डेव्हलिनने सट्टेवाल्यांकडून पैसे घेतल्याचं कबूल केलं. क्लबने पगार थकवला होता असं खेळाडूंचं म्हणणं, पण ते कोण ऐकतंय, डेव्हलिन आणि त्याच्याच टीममधले जॉर्ज हॉल, अल निकोल्स आणि बिल क्रेव्हर अशा चौघांवर आजन्म बंदी. यातल्या क्रेव्हरवर पैसे घेतल्याचं सिद्धसुद्धा झालं नव्हतं, त्याने आपल्या तारा दाखवायला नकार दिला एवढंच.

१८७८ च्या फेब्रुवारीत डेव्हलिनने हॅरी राइटला पत्र लिहिलं, बायकोमुलाला धड कपडा नाही, काहीतरी काम द्या, मैदानाची देखभाल पण करीन. आणि राइट कोण, तर ज्या बोस्टनला याच्या हरण्यामुळे चॅम्पियनशिप मिळाली त्याच टीमचा मॅनेजर! लीगचा प्रेसिडेंट विल्यम हल्बर्टकडे तर जाऊन रडला म्हणे, आणि त्या काळचा नामांकित खेळाडू अल स्पॉल्डिंगने सांगितलेल्या आठवणीप्रमाणे हल्बर्टने खिशातून ५० डॉलर काढून दिले पण बंदी उठवायला साफ नाही म्हणाला.

शेवटी फिलाडेल्फियात पोलिसाची नोकरी लागली, हो, पोलिसाचीच. १० ऑक्टोबर १८८३ ला टीबीने गेला, वय ३४, बंदी तशीच होती.