लाकडी हॉट टब

लाकडी हॉट टब : उभ्या फळ्या गोलाकार जोडून, बाहेरून पोलादी पट्ट्यांनी आवळलेले, माणसांना गळ्यापर्यंत बसता येईल असे गरम पाण्याचे पिंप. जपानमध्ये हिनोकी या तिथल्या सायप्रस लाकडाच्या टबात बसण्याची रीत जुनी आहे. आजचा गोल टब मात्र 1960च्या दशकात कॅलिफोर्नियात वाइनची जुनी पिंपे वापरण्यातून पुढे आला. बेळगाव सीमाभागात अंघोळ म्हणजे तांब्याचा बंब आणि न्हाणी. हॉट टब इथे नवखा, शेतघर किंवा होमस्टेपुरता.

फळ्यांच्या सांध्यांत चिकटद्रव्य नसते. भिजून लाकूड फुगते आणि सांधे आपोआप मिटतात. बैलगाडीचे चाक उन्हाळ्यात आकसून लोखंडी धाव सैल झाली की गाडी ओढ्यात उभी करतात, तोच हा न्याय. म्हणून नवा टब पहिले काही दिवस पाझरतो. त्यात एम-सील किंवा डांबर भरू नये. रिकामा टब एप्रिल-मेच्या उन्हात दोन-तीन दिवसही ठेवू नये, फटी पडतात. पाणीटंचाईत टब अर्धा भरून भागत नाही, कारण वरचा अर्धा भाग तडकतो. पाणी परवडणार नसेल तर टब बांधूच नये.

लाकूड रेड सीडर, रेडवुड किंवा सागवान असते. सुरुवातीला त्यातील टॅनिन या तुरट द्रव्यामुळे पाणी तपकिरी होते. दोन-तीनदा बदलल्यावर निवळते. पाण्यात लोह असेल तर टॅनिनशी मिळून काळे डाग पडतात. आतून वॉर्निश, तेल लावू नये. मऊ ब्रश आणि साधे पाणी पुरते. दीड मीटर व्यासाच्या, मीटरभर पाण्याच्या टबात सुमारे 1,750 लिटर, म्हणजे पावणेदोन टन भार होतो. गच्चीवर ठेवण्याआधी इंजिनिअरला विचारावे. जमिनीवर जांभ्या चिऱ्यांचा ओटा करून त्यावर आडव्या तुळया टाकाव्यात. भार तळाच्या फळ्यांवर यावा, उभ्या फळ्यांची टोके अधांतरी राहावीत. खानापूरच्या पश्चिम पट्ट्यातील पावसात खालून वारा खेळला नाही तर तळ कुजतो, आणि वाळवी पाऊस ओसरायची वाट पाहत नाही.

टब सतत भरलेला हवा आणि कोमट पाणी तर जंतूंना मानवते, हीच खरी अडचण. लिजिओनेला हा जिवाणू पाण्याच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. 1999 मध्ये नेदरलँड्समधील बोवेनकार्स्पेल येथे फुलांच्या प्रदर्शनात मांडलेल्या हॉट टबमधून त्याची साथ पसरली. टबात न उतरता, नुसते जवळून गेलेले लोकही आजारी पडले आणि 30हून अधिक दगावले. त्यामुळे क्लोरीन लिटरमागे 3 ते 5 मिलिग्रॅम आणि पीएच (पाण्याच्या आम्लतेचे माप) 7.2 ते 7.8 ठेवून टेस्ट पट्टीने रोज पाहावे. टॅनिनमुळे पीएच उतरतो, तो खाण्याच्या सोड्याने सावरतात. मात्र जास्त क्लोरीन लाकूडच खाते. आतली बाजू केसाळ, लुसलुशीत झाली की डोस चुकतोय असे समजावे. वीज गेली की पंप थांबतो, म्हणून वीज आल्यावर पुन्हा तपासणी आलीच. पाणी दोन-तीन महिन्यांनी, वापर जास्त असल्यास आधीच बदलावे.

उतरण्यापूर्वी न्हाणीत साबणाने स्वच्छ अंघोळ करावी. दिवाळीचे तेल-उटणे अंगावर असताना तर टब वर्ज्यच: तेल क्लोरीन संपवते, उटणे फिल्टर तुंबवते.

पाणी 40 अंश सेल्सिअसपेक्षा गरम नसावे. बंबाचे कडक पाणी तांब्याने अंगावर घेणारा इथे हमखास फसतो. अंगावरून ओघळणारे पाणी सोसते, पण बुडालेल्या शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाही. पंधरा-वीस मिनिटे पुरे. गरोदर स्त्रिया, हृदयविकार किंवा रक्तदाबाचे रुग्ण यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. पाच वर्षांखालील मुलांना बसवू नये. दारू पिऊन उतरणे जिवावर बेतू शकते. लांब केस बांधावेत आणि निचऱ्याची जाळी तुटलेली असल्यास टब बंद ठेवावा, कारण पंपाच्या ओढीने केस अडकून माणूस बुडाल्याच्या घटना घडल्या आहेत. विजेच्या टबाला अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) हवाच.

लाकूडफाट्यावरच्या टबात शेगडी पाण्यात बुडालेली असते. ती पूर्ण बुडेपर्यंत काडी ओढू नये. आच ओढून घेतल्यावरही पाणी तापत राहते आणि वरचा थर खालच्यापेक्षा गरम असतो. म्हणून काठीने ढवळून मगच थर्मामीटर बुडवावा. वापर नसताना झाकण कुलूपबंद असावे, मुलांसाठी आणि डासांसाठीही. उपसलेले पाणी क्लोरीन शून्यावर आल्यावर नारळाला सोडता येते, विहिरीजवळ सोडू नये.