रेझिस्टन्स वाढला की वॉट वाढतात का कमी होतात? तोच घोळ परत परत

ओहमचा नियम तुम्हाला पाठ आहे असं धरून चालतो, म्हणून तो भाग पटकन उरकतो. व्होल्टेजला (व्ही) करंटने (आय) भागलं की रेझिस्टन्स (आर), करंटने गुणलं की पॉवर, म्हणजे वॉट. 12 व्होल्टच्या बॅटरीवर हीटरची तार 2 अँपिअर घेत असेल तर रेझिस्टन्स 6 ओहम, पॉवर 24 वॉट. झालं. मिलीअँपिअरचे अँपिअर करायला विसरलात तर उत्तर हजारपट चुकेल, पण ते आकडा बघूनच खटकतं. आणि व्ही, आय, आर लिहिलेला त्रिकोण काढून हव्या त्या अक्षरावर अंगठा ठेवायचा प्रकार मला अजिबात आवडत नाही, तीन अक्षरांसाठी चित्र कशाला हवं.

खरी बोंब पुढे आहे. काहीजण म्हणतात रेझिस्टन्स वाढला की वॉट वाढतात कारण पॉवर म्हणजे आय स्क्वेअर आर, काहीजण म्हणतात कमी होतात कारण व्ही स्क्वेअर भागिले आर, आणि मग तासभर नुसती जुंपलेली असते. अरे, दोन्ही फॉर्म्युले बरोबर आहेत, रेझिस्टन्स बदलताना करंट तेवढाच राहतोय का व्होल्टेज तेवढंच राहतंय हे आधी बघा ना!

तीच बॅटरी घ्या. 6 ओहमची तार काढून 12 ओहमची लावली तर करंट 1 अँपिअर, पॉवर 12 वॉट, म्हणजे रेझिस्टन्स दुप्पट आणि पॉवर निम्मी. आता दोन्ही तारा सिरीजमध्ये, म्हणजे एकीपुढे एक, जोडा. एकूण 18 ओहम, करंट 0.67 अँपिअर, दोघींमधून तोच. आता 12 ओहमवाली 5.3 वॉट खाते आणि 6 ओहमवाली फक्त 2.7. एकटी असताना जी कमी तापत होती तीच आता जास्त तापते, तार तीच आहे, फक्त जागा बदलली.

लूज प्लगचं पण हेच. 230 व्होल्टवर हीटर 8 अँपिअर घेतोय आणि पिनच्या काँटॅक्टला अर्धा ओहम रेझिस्टन्स आलाय. लोक व्ही स्क्वेअर भागिले आरमध्ये सरळ 230 घालतात, उत्तर येतं एक लाख वॉटच्या वर, आणि तरी कोणाला शंका येत नाही! तिथे व्ही म्हणजे त्या काँटॅक्टच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज, 8 गुणिले अर्धा, फक्त 4 व्होल्ट. 16 भागिले अर्धा, 32 वॉट. आय स्क्वेअर आरने करा, 64 गुणिले अर्धा, तेच 32. आणि "रेझिस्टन्स वाढला म्हणजे करंट कमी होऊन पिन थंड राहील" म्हणणाऱ्यांनी हे बघा की हीटरच अठ्ठावीसेक ओहमचा आहे, अर्ध्या ओहमने करंट जेमतेम हलतो. 32 वॉट म्हणजे छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता, ती पण एका पिनपाशी, मग प्लास्टिक पिवळं पडून वितळणार नाही तर काय होणार.

मोटरला एसीवर नुसतं व्ही गुणिले आय करून वॉट म्हणू नका, पॉवर फॅक्टर लागतो, म्हणजे व्ही गुणिले आयमधला खरंच वापरला जाणारा हिस्सा. आणि फिलामेंटचा बल्ब थंड असताना मल्टीमीटरने मोजून त्यावरून वॉट काढणाऱ्यांनो, 12 व्होल्ट 21 वॉटचा बल्ब थंड असताना एक ओहमच्याही खाली दाखवतो, पेटल्यावर जवळपास 7 ओहम होतो. पेटलेला असताना व्होल्टेज आणि करंट मोजा, मग रेझिस्टन्ससाठी भागा, वॉटसाठी गुणा.