साठीनंतर हातात काय घ्यावं? (आमच्या लोकर-दोऱ्याच्या दुकानातून, पुणे)

नमस्कार. बिलाबरोबर हा कागद देतोय तो लगेच पिशवीच्या तळाशी टाकू नका, आई-बाबांसाठी किंवा स्वतःसाठी काहीतरी घ्यायला आला असाल तर दोन मिनिटं वाचा.

आमच्याकडे दर आठवड्याला हे होतंच, कुणाचा तरी मुलगा नाहीतर सून येते, म्हणते आईला रिकामं बसवत नाही हो, काहीतरी द्या. आम्ही विचारतो काय येतं त्यांना, तर म्हणे विणकाम येतं, लोकरच द्या चार गुंडे. आता लोकर विकायला आमचं काय जातंय, पण आम्ही तिथेच जरा अडवतो. कारण ज्या बाईने चाळीस वर्षं टोपडी-मोजे विणलेत तिची बोटं आपोआप चालतात, टीव्हीवर मालिका चालू, फोनवर बहिणीशी गप्पा चालू आणि खाली टोपडं पुरं. त्याने मन शांत होतं, ते बंद करू नकाच. पण डोक्याला खाद्य हवं असेल तर त्याच्या जोडीला न येणारं एखादं काम घ्या, थोडं चिडवणारं, दोनदा उसवायला लावणारं.

हे आमच्या मनाचं नाही. अमेरिकेत टेक्ससमध्ये एक प्रयोग झाला होता, २०१४ साली छापून आला, ६० ते ९० वयाची २२१ माणसं होती. काहींना क्विल्टिंग शिकवलं (म्हणजे आपल्या गोधडीची बहीणच), काहींना डिजिटल फोटोग्राफी, काहींना दोन्ही, आठवड्याला साधारण १५ तास असं ३ महिने. दुसऱ्या एका गटाने नुसत्या गप्पा, सहली केल्या, आणि काहीजण घरी बसून गाणी ऐकणं, शब्दकोडी असलं करत होते. स्मरणशक्तीत फरक दिसला तो नवीन शिकणाऱ्यांच्यात. मायो क्लिनिक या तिथल्याच मोठ्या हॉस्पिटलने पण सत्तरीपुढच्या १,९२९ जणांना सरासरी ४ वर्षं बघितलं, तर हस्तकला करणाऱ्यांमध्ये विसराळूपणाच्या सुरुवातीच्या आजाराचा धोका २८ टक्के कमी दिसला (२०१७). आता याचा अर्थ क्रोशा घेतला की डिमेन्शिया होणार नाही असा नाही हां! ज्यांची तब्येत बरी तेच कला जास्त करतात असंही असू शकतं. तसली गॅरंटी देऊन कुणी महागडं किट विकत असेल तर घेऊ नका, आमच्याकडून पण नाही.

मग नवीन काय? विणकाम येणाऱ्यांना आम्ही बऱ्याचदा कसुती सुचवतो, म्हणजे धारवाडकडचं भरतकाम, टाके मोजत जायचं, गाठ मारायची नाही, आणि गवंती टाका असेल तर कापड मागून-पुढून सारखंच दिसलं पाहिजे. एक धागा चुकला की पुढची सगळी ओळ तिरकी जाते, त्यामुळे लक्ष द्यावंच लागतं. सुरुवात साडीवर करू नका, मॅटीच्या कापडावर करा, भोकं मोठी दिसतात. आणि ज्यांना शिवण-टिपण आवडतच नाही त्यांना वारली. गोल, त्रिकोण, चौकोन एवढ्यावर सगळं चित्र, दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणूस उभा. हात थोडा थरथरत असला तरी खपून जातं. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना पद्मश्री मिळाली २०११ ला तेव्हा ते सत्तरीच्या पुढे होते, हे "आता या वयात काय" म्हणणाऱ्यांना आम्ही आवर्जून सांगतो.

आता हात आणि डोळे, कारण खरी अडचण इथे असते आणि लोक इथेच सोडून देतात.

बोटं सकाळी आखडत असतील तर बारीक सुया नकोत. विणायच्या सुयांचा जो जुना नंबर आपल्याकडे चालतो त्यात नंबर मोठा तेवढी सुई बारीक, त्यामुळे लोक उलटं मागतात आणि घरी जाऊन वैतागतात. १२ नंबर बारीक, ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, आखडलेल्या बोटांना ८ किंवा त्याहून जाडच बरी. क्रोशाची सुई रबरी मुठीची घ्या, नाहीतर साध्या सुईला जुना मऊ कपडा गुंडाळून रबरबँड लावा, फुकटात काम होतं. आणि विसरायला होत असेल तर विणण्यापेक्षा क्रोशा सोपा, कारण एकच टाका सुईवर असतो, मध्येच उठून चहा टाकायला गेलं तरी पन्नास टाके निसटत नाहीत. साखळी, मुका खांब, खांब हे तीन टाके आले की रुमाल होतो.

काळी, नेव्ही ब्लू, गर्द मरून लोकर डोळ्यांना त्रास देते, टाके दिसतच नाहीत. पहिली वस्तू फिक्या रंगात करा. दिवा डाव्या खांद्यावरून यावा (डावखुऱ्यांना उजव्या). दोन भागांच्या चष्म्यातून खाली बघायला मान विचित्र वर करावी लागते आणि मग मान धरते, तर जवळचं बघायला वेगळा साधा चष्मा करून घ्या. सुईत दोरा ओवायचं पत्र्याचं छोटं यंत्र मिळतं, किरकोळ किमतीचं आहे पण बऱ्याच आज्यांचं भरतकाम त्याच्यामुळे परत सुरू झालंय. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबा, लोकर कुठे पळून जात नाही. डायबिटीसमुळे बोटं बधिर असतील तर टोकदार सुईऐवजी बोथट टोकाची घ्या, टोचलेलं कळत नाही आणि मग चिघळतं. वीस-पंचवीस मिनिटांनी उठायचंच. घरात कुणाला डिमेन्शिया असेल तर बारीक मणी आणि कात्री नको.

आजोबा लोकांचं काय? ते दुकानाच्या पायरीवर उभे राहतात, आत येत नाहीत, "हे बायकांचं" म्हणून. त्यांच्यासाठी आम्ही दसऱ्याच्या आसपास बांबूच्या कामट्या आणि पतंगी कागद ठेवतो, पारंपरिक आकाशकंदील करायला. सांगाडा बांधणं हे अगदी मापात करायचं काम आहे, एक कामटी अर्धा इंच मोठी झाली तर सगळा कंदील लंगडा होतो, मग कागदाच्या करंज्या, खाली झिरमिळ्या. नातवंडं आपोआप येऊन बसतात.

आणि वाती, गेजवस्त्रं करणाऱ्यांना कमी समजू नका. सरकी काढून, कापूस पिंजून, सारख्या अंतरावर कुंकू लावत वस्त्रमाळ करणं याला बोटांची नजाकत लागते, चातुर्मासात लाख वाती करणाऱ्या बायकांना विचारा.

आमच्याकडच्या गोष्टी: मणी आणि लेस रविवार पेठेत बोहरी आळीत आमच्यापेक्षा स्वस्त मिळतील, खोटं कशाला बोला, भरपूर लागणार असेल तर तिकडे जा. लोकर मात्र एका वस्तूची एकदमच घ्या आणि लेबलवरचा लॉट नंबर सारखा बघा, नाहीतर स्वेटरची एक बाही वेगळ्या रंगाची होते आणि ती चूक धुतल्यावर जास्त दिसते. न उघडलेला गुंडा बिल दाखवून बदलून मिळेल. सुईचा नंबर चुकला तर तोही बदलून देतो, वापरलेली असली तरी. गुरुवारी दुपारी ४ ते ६ दुकानात मागच्या बाजूला सहा खुर्च्या टाकतो, कुणीही या, फी नाही, काही विकत घ्यायलाच हवं असं पण नाही. पायऱ्या तीन आहेत आणि कठडा नाही, तर खालून हाक मारा, आम्ही हात द्यायला येतो. अडलेलं काम येताना घेऊन या, उसवलेलं असेल तसंच.